कौसाबाईंची तळटीप

मी एक तळटीप बोलतेय, आणि रागाने बोलतेय. पानाच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत बसणारीचा आवाज ऐकायची कुणाला सवय नसते, म्हणून आधीच सांगून ठेवते. मला गोड बोलता येणार नाही.

माझा जन्म कात्रपमधल्या एका फ्लॅटमध्ये, लॅपटॉपवर झाला. पण माझं मूळ बेलवलीचं. तिथे कौसाबाई राहतात. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या त्या धवलारीण. धवला म्हणजे लग्नविधीचं गाणं. कात्रपच्या त्या फ्लॅटमध्ये राहणारी राजसी ही पीएच.डी. करणारी मुलगी वर्षभर त्यांच्या ओटीवर जाऊन बसायची आणि फोनवर गाणी रेकॉर्ड करायची. कौसाबाईंनी तिला चहा दिला, जेवू घातलं, गाणी दिली. अट एकच घातली.

"गानी ने गो बाय, सगली ने. पन माजा नाव लिव. मागं एकानं पुस्तक छापला, गानी माजी न् नाव त्याचा."

"लिहिणार मावशी. शपथ," राजसी म्हणाली.

ती शपथ म्हणजे मी. या गाण्यांवरच्या लेखाची पहिली ओळसुद्धा सुचली नव्हती तेव्हा राजसीने मला लिहिलं: या लेखातील सर्व गाणी कौसाबाई हिरामण भोपी, बेलवली, यांची आहेत, त्यांना ती त्यांच्या आत्या काशी यांनी शिकवली. इंग्रजीत लिहिलेली असले तरी मी ठसठशीत होते. माझा क्रमांक पहिला होता आणि मला त्याचा तोरा होता.

मग लेख एका इंग्रजी नियतकालिकाला पाठवायचं ठरलं आणि माझे हाल सुरू झाले. पाठवण्याआधी लेख त्यांच्या नियमांत बसवावा लागतो. समास एवढाच, अक्षर असंच, संदर्भात आधी आडनाव, मग स्वल्पविराम. ठरल्यापेक्षा एक शब्द जास्त चालत नाही. तळटीपा तर मुळीच नकोत, टिपा शेवटी द्या म्हणे. राजसीने मला उचललं आणि पार मागे नेऊन ठेवलं. गाणं पुढे आणि गाणारी वीस पानं मागे. तरी मी गप्प बसले, कारण नाव शाबूत होतं.

त्यानंतर लेख उन्मेषसरांकडे गेला. हे राजसीचे मार्गदर्शक, राहायला अंबरनाथला. बेलवली त्यांच्यापासून फक्त एका स्टेशनावर, पण तिकडे ते कधी फिरकले नाहीत. त्यांनी पहिला हात घातला तो काशीआत्यावर. "ही कोण? विनाकारण शब्द वाढतात." बिचारी गाणी मागे ठेवून गेली आणि चार शब्दांना जड झाली.

लेख तपासणाऱ्यांना तो कुणी लिहिलाय हे कळू नये, म्हणून पाठवताना लेखकांची नावं झाकतात. पद्धत चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सर म्हणाले, "सगळीच नावं उडव."

"आपली दोघांची ना सर? कौसाबाई कुठे लेखक आहेत?"

"तेच म्हणतोय मी. लेखक नाहीत, मग नाव हवं कशाला? 'प्रतिसादक क्रमांक तीन' कर. प्रायव्हसीचा पण इश्यू असतो."

जी बाई भर मांडवात माईक धरून अख्ख्या गावासमोर गाते, तिची म्हणे प्रायव्हसी. राजसीला हे चांगलं ठाऊक होतं. तिने मान खाली घातली, मला कापलं आणि 'काढलेले तुकडे' नावाच्या फाइलीत टाकून दिलं. थीसिस सादर करायला तिला छापील लेख हवा होता, हे मला समजतं. समजलं म्हणून राग कमी होत नाही.

लेख पसंत पडला. आता झाकलेली नावं उघडायची वेळ आली. आधी सरांचं नाव चढलं, मग राजसीचं. आभारांत कॉलेज आलं, ग्रंथालय आलं, लेख तपासणारे निनावी तज्ज्ञसुद्धा आले. मी फाइलीत वाट बघत बसले. मला कुणी बोलावलं नाही.

छापण्याआधी नियतकालिकाने गायिकेच्या संमतीची सही मागितली, तेव्हा कुठे सगळ्यांना कौसाबाईंची आठवण झाली. राजसी लेख घेऊन बेलवलीला गेली. कौसाबाईंनी सुनेला हाक मारली. "कुंदा, बघ गो, माजा नाव कुठं हाय."

कुंदाने पानं पुढून मागे, मागून पुढे चाळली. "आई, नाव नाय. रिस्पॉन्डंट थ्री लिहिलंय."

"म्हंजे कोन?"

"तुम्हीच."

कौसाबाईंनी पानं राजसीपुढे सरकवली. मग म्हणाल्या, "नाव नाय त गानी पन नाय. काढ ती."

राजसीने तिथूनच सरांना फोन लावला. मला वाटलं, आता तरी मला परत घेतील. एका ओळीचं तर काम होतं. पण सर म्हणाले, "मग गाणी काढून टाक. आपला मुद्दा थिअरीचा आहे." आणि तिने ती काढली, एकेक करून. गाण्यांवरचा लेख गाण्यांशिवाय छापून आला. उलट आटोपशीर झाला, असं सरांचं मत पडलं.

गेल्या आठवड्यात हेंद्रेपाड्यात कुंदाच्या भावाचं लग्न होतं. राजसीला आमंत्रण आधीच गेलेलं होतं, म्हणून ती गेली. तिच्या फोनमध्येही ती फाइल आहे, तेव्हा पर्समधून मीही गेले. धवला आटोपताना मांडवात आलेल्यांना नावानिशी गाण्यात ओवायचं, ही कौसाबाईंची पद्धत. नवऱ्याची माई आली, संतोषमामा आला, मांडव घालणारा भूपेशही आला. ज्याचं नाव येई तो खुलायचा. राजसी जरा पुढे सरकून बसली. कौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सूर तसूभरही न हलवता गायल्या, "कात्रपची पावनी आयली." मग त्या पुढच्या नावावर गेल्या.

मांडवात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. राजसीच्या आलं. घरी येऊन तिने थीसिस उघडला, मग माझी फाइल उघडली, आणि तेव्हापासून नुसती माझ्याकडे बघत बसली आहे.

राजसी, बघून काय होणार? रेकॉर्डिंग फोनमध्ये असेल, पण गाणी आता तुझी नाहीत. आधी बेलवलीला जा आणि ती पुन्हा माग. दिली तर मला थीसिसच्या पहिल्या पानावर घे, काशीआत्यासकट घे, आणि सरांनी पेन उचललं तर या वेळी तोंड उघड. ते जमत नसेल तर मला पुसून टाक. पण 'काढलेले तुकडे' म्हणून मला जपून ठेवू नकोस.