नणंद-भावजयीची दोन टेबलं

शनिवारी सकाळी पोस्ट ऑफिससमोरच्या फुटपाथवर दोन टेबलं लागली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी वाटलं, कसला तरी सेल आहे. एका टेबलावर पुठ्ठा उभा होता, ‘पिण्याच्या पाण्याचा कायदा झालाच पाहिजे’. दहा पावलांवरच्या टेबलावर दुसरा पुठ्ठा, ‘त्या कायद्यातलं कलम नऊ गेलंच पाहिजे’. पहिल्या टेबलामागे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई बसल्या होत्या आणि दुसऱ्यामागे त्यांची सख्खी वहिनी. दोन्ही टेबलं एकाच घरातली, एक जेवणाचं आणि एक इस्त्रीचं. ती वाहून आणणारा माणूसही एकच, नर्सबाईंचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा. “दोघी मिळून एकच टेबल घ्या की,” असं तो जिन्यात म्हणून बसला होता. त्यावर दोघींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं दुसऱ्या टेबलाचे पाय दुमडायला लागला.

भांडण तसं पंधरा दिवसांपूर्वीचं. त्याआधी शहरातल्या तीन गल्ल्यांत मिळून बेचाळीस लोकांना कावीळ झाली होती. नर्सबाईंनी सुट्टीच्या दिवशी गच्च्या पालथ्या घातल्या आणि शेवटी एका टाकीत मेलेलं कबूतर सापडलं. टाकीला झाकण नव्हतं, आणि ते कधी होतं हे इमारतीत कुणालाच आठवत नव्हतं. तेव्हापासून नर्सबाई नगरपालिकेच्या मागे हात धुऊन लागल्या. अखेर मसुदा निघाला. दर सहा महिन्यांनी टाकी साफ करायची, पाणी तपासून घ्यायचं, अहवाल दारावर चिकटवायचा. मसुदा हातात पडला तेव्हा नर्सबाईंना आनंदानं जेवण गेलं नाही.

वहिनीला मात्र भलतंच दिसलं. वहिनी रबरी शिक्के बनवायची. तिचं दुकान इतकं अरुंद होतं की आत एक गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरायची असतात, त्यामुळे वहिनीला कुठलाही कागद उलटा-सुलटा दोन्हीकडून वाचायची सवय होती. शिवाय ती नागरी हक्क समितीची चिटणीस होती. समितीचे सभासद सात. बैठक दुकानात भरायची आणि पाच जण रस्त्यावर उभे राहून मत द्यायचे. वाचनालयानं पुस्तक देताना वाचकांचे अंगठे घ्यायचं ठरवलं होतं, तेव्हा याच सात जणांनी ते हाणून पाडलं होतं.

“कलम नऊ वाचलंस?” वहिनीनं जेवताना विचारलं होतं. “आजारी माणसाचं नाव आणि पत्ता वॉर्ड ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावणार म्हणे. ‘नागरिकांनी सावध राहावे म्हणून.’”

“मग राहू देत की सावध. कावीळ आहे, चोरी नाही. त्यात लाजायचं काय?”

“लाजायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. नगरपालिकेनं नाही.”

“वहिनी, बेचाळीस माणसं पिवळी पडली होती. तुला त्यांच्या नावाची पडलीय!”

“आणि कलम चार? निरीक्षक कधीही, कुठल्याही घरात घुसणार. मी अंघोळीला बसले असले तरी?”

“तुझी अंघोळ बघायला त्याला वेळ आहे का?”

“वन्सं,” वहिनी म्हणाली, आणि दादानं पोळी घेऊन हळूच बाहेरच्या खोलीत पळ काढला. एरवी दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या. वहिनी ‘वन्सं’ म्हणाली की पुढचे चार दिवस घरात फक्त भांडी बोलणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

तर अशी ही दोन टेबलं. मसुद्यावर नागरिकांचा अर्ज सभागृहात घ्यायचा तर त्यावर सहाशे सह्या लागत आणि महिनाअखेरची मुदत होती. घरमालकांची संघटना कायद्याच्या विरोधात आधीच अर्ज देऊन मोकळी झाली होती. नर्सबाई येईल त्याच्या हातात पेन कोंबत होत्या. वहिनी आधी मसुदा वाचायला लावायची, मगच पेन द्यायची, त्यामुळे तिची रांग हलतच नव्हती. दुपारपर्यंत नर्सबाईंचं सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी पाहिलं, आपल्याकडे सही करून गेलेले बँडमास्तर तिकडे वाकून सही करतायत.

नर्सबाई तरातरा उठल्या. “मास्तर, हे काय? माझ्याकडेही सही आणि तिच्याकडेही?”

“हो,” बँडमास्तर शांतपणे म्हणाले. “मला पाणी स्वच्छ हवंय आणि नाव झाकलेलं हवंय. त्यात काय?”

“असं कसं चालेल?”

“का? दोन्ही सह्या माझ्याच आहेत. खोटी एकही नाही.”

वहिनी मान खाली घालून कागद सरळ करत होती, पण तिचे खांदे हसत होते. नर्सबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मोजणी झाली. नर्सबाईंच्या चारशे दहा आणि वहिनीच्या दोनशे तीस. दादानं बोटांवर बेरीज केली आणि म्हणाला, “सहाशे चाळीस!” पण मजकूर वेगळा असेल तर सह्या एकत्र धरत नाहीत, असं नगरपालिकेच्या कारकुनानं सोमवारी स्वच्छ सांगितलं. म्हणजे दोघीही तोंडावर आपटल्या होत्या, आणि मुदतीला नऊ दिवस उरले होते.

त्याच सोमवारी आरोग्य केंद्रात नर्सबाईंना एक विचित्र गोष्ट दिसली. बाकं रिकामी होती. मागच्या सोमवारी पोटदुखी, उलट्या, पिवळे डोळे असे एकोणीस जण आले होते. या सोमवारी तीन. डॉक्टर खूष होते. “साथ ओसरली बघा,” असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. नर्सबाईंना मात्र चैन पडेना. साथ अशी नळ बंद केल्यासारखी थांबत नाही. त्या समोरच्या औषधाच्या दुकानात गेल्या.

“धंदा कसा काय?”

“उलटीच्या गोळ्या आणि मीठ-साखरेची पाकिटं संपली,” दुकानदार म्हणाला. “खोकंच्या खोकं गेलं. सगळे म्हणतात, पाहुण्यांसाठी हवंय. शहरात एवढे पाहुणे आलेत कुठून, देव जाणे.”

नर्सबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. ड्यूटी संपल्यावर त्या थेट शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या. तिथं त्यांचा एक झगा महिनाभर पडून होता, तेवढं निमित्त पुरलं. शिवणबाई दारातच उभ्या राहिल्या.

“झगा झाला नाही अजून. पोरगी झोपलीय, आवाज नको.”

“दुपारी चारला? कॉलेज नाही का तिला?”

“दमलीय.”

आतून ओकारीचा आवाज आला. शिवणबाईंनी डोळे मिटले. नर्सबाई तशाच आत शिरल्या. मशीनच्या मागे, न शिवलेल्या कापडांच्या ढिगाशेजारी पोरगी पडली होती, डोळे हळदीसारखे. “किती दिवस?” “सहा.” “आणि केंद्रात का नाही आणलीस?”

“आणते आणि उद्या फळ्यावर नाव लागतं!” शिवणबाई एकदम फुटल्या. “माझ्या घरात कावीळ आहे म्हटल्यावर अंगाला लागणारे कपडे कोण टाकेल शिवायला? आणि पोरीला वर्गात शेजारी कोण बसवून घेईल? कायदा होणारच आहे, तुम्हीच तर सह्या घेताय.”

नर्सबाईंनी खाली बसून पोरीची नाडी धरली. आपल्यामुळे कुणी आजार लपवल्याचं त्या वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहत होत्या.

पोरीला केंद्रात न्यायचं ठरलं, पण शेजाऱ्यांच्या नजरा चुकवून. शेवटी नर्सबाईंनी गळ्यात शिवणबाईंची मापाची पट्टी अडकवली, हातात दोन-चार कपड्यांची पिशवी घेतली आणि पोरीला ओढणी गुंडाळून बाहेर काढली. समोरच्या गॅलरीतली बाई वाकून म्हणालीच, “कुठं निघालात?”

“माप घ्यायला,” नर्सबाई म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या, रक्ताचं.

केंद्राच्या मागच्या दारानं पोरगी आत गेली. सलाइन लागलं, दोन दिवसांत हुशारी आली. पण नर्सबाई त्याच संध्याकाळी शिक्क्यांच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत एक गिऱ्हाईक होतं, म्हणून बाहेर थांबल्या. ते गेल्यावर आत शिरल्या.

“कलम नऊ वाईट आहे,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

वहिनीनं कोरणी खाली ठेवली. “काय म्हणालीस? मला नीट ऐकू आलं नाही.”

“आलंय तुला.”

“पुन्हा एकदा म्हण ना.”

“वहिनी, लोक आजार लपवतायत. अजून कायदा झालाही नाही, नुसत्या मसुद्यानंच लपवतायत. मला कळणारच नसेल कुणाला काय झालंय, तर मी टाकी शोधायची कुठली?” त्या भिंतीकडून वहिनीकडे वळल्या. “मला वाटत होतं, तू नुसता वाद घालतेयस.”

वहिनी हसायच्या तयारीत होती, ती थांबली. तिनं स्टुलावरचे शिक्के बाजूला सारले आणि नणंदेला बसायला जागा करून दिली. दुकानात दुसरं माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ असावी.

“मग एक अर्ज करू,” वहिनी म्हणाली. “पाण्याचा कायदा हवा, नऊ नको, चार नको.”

“चार हवं.”

“चार नको!”

“चल वर,” नर्सबाई म्हणाल्या.

“कुठं वर?”

“आपल्या गच्चीवर.”

वहिनी शिडीवर चढली, कुरकुरत, पदर खोचून. टाकीचं झाकण सरकवून तिनं आत वाकून नीट पाहिलं. मग म्हणाली, “यात चप्पल आहे.”

“कुणाची?”

“तुझ्या दादाची. मागच्या वर्षी हरवली म्हणून त्यानं आकाशपाताळ एक केलं होतं ती.” ती दोन पायऱ्या खाली आली आणि एकदम तोंडावर हात दाबला. “अगं, आपण हेच पाणी पितोय!”

“आपण आणि आणखी अकरा घरं. आता सांग, ही टाकी तुझी खासगी खोली आहे का?”

वहिनीला पटलं. पण पटलं म्हणून ती गप्प बसणारी नव्हती. गच्चीवरच, शिडीला टेकून, दोघींनी कलम चार नव्यानं लिहिलं. सामाईक टाकीपर्यंत निरीक्षकानं केव्हाही यावं. कुणाच्या घरात मात्र एक दिवस आधी कळवून आणि ओळखपत्र दाखवूनच. आजाऱ्यांची नोंद केंद्रात राहावी, फळ्यावर फक्त टाकीचा पत्ता लागावा. ‘आणि’ की ‘अथवा’ यावर वीस मिनिटं गेली. दादा खालून दोनदा हाका मारून गेला. त्याला चपलेबद्दल सांगितलं तेव्हा तो आधी हरखला, मग त्यानं हातातला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

पुढचे आठ दिवस दोघी दारोदार फिरल्या. नर्सबाई बेल वाजवायच्या, वहिनी मसुदा वाचायची. वहिनीचं वाचन लांबलं की नर्सबाई पेन पुढे करायच्या, आणि नर्सबाईंनी घाई केली की वहिनी पेन मागे घ्यायची. बँडमास्तरांनी तिसऱ्यांदा सही केली आणि म्हणाले, “आता एवढ्यावर थांबा, माझी सही झिजायला आली.” शिवणबाईंनी एकटीनं साठ सह्या आणल्या. शेवटच्या दिवशी कारकुनानं सगळ्या मोजल्या, दोनदा, आणि आकडा सहाशे ब्याऐंशीच्या खाली येईना.

सभागृहात त्या दिवशी प्रेक्षकांची बाकं भरली होती. सभापतींनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. “टाकीचं ठीक आहे. पण नावं लावायला हरकत कसली? ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यानं भ्यायचं कशाला?” घरमालकांच्या बाजूच्या सभासदांनी बाकं वाजवली. कलम नऊ राहिलं तर लोक स्वतःच कायद्याला कंटाळतील, हा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता.

वहिनी उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात शेजारी नर्सबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक जाड, निळी वही होती.

“सभापतीसाहेब, मी वीस वर्षं इथल्या केंद्रात आहे. या सभागृहातल्या निम्म्या मंडळींना मी स्वतः इंजेक्शन दिलंय. कुणाला कशासाठी आणि कुठं, सगळं माझ्या लक्षात आहे.” त्यांनी वही उघडली. “नागरिकांनी सावध राहावं म्हणून इथूनच सुरुवात करू या का? नाव, पत्ता आणि आजार. डाव्या बाकापासून घेते.”

डाव्या बाकावरचा पहिला सभासद असा उठला की समोरचा पाण्याचा ग्लासच आडवा झाला. दुसरा म्हणाला, “हे बेकायदेशीर आहे!” तिसरा म्हणाला, “बाई, तुम्ही असं करूच शकत नाही!” सभापतींनी टेबलावर हात आपटला, पण त्यांचा दुसरा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला होता.

“का बरं?” नर्सबाईंनी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं. “लपवण्यासारखं काही आहे का?”

प्रेक्षकांत जो हशा उसळला तो बराच वेळ विरेना. कलम नऊ एकमतानं गेलं. नव्या कलम चारवर थोडी खडाखडी झाली, आणि मग अख्खा कायदा चौदा विरुद्ध नऊ मतांनी पास झाला.

बाहेर पडताना जिन्यात वहिनीनं नणंदेचा दंड धरला. तिचा चेहरा गंभीर होता. “खरं सांग. तू वाचलं असतंस?”

नर्सबाईंनी वही तिच्या हातात दिली. आत फक्त सह्यांच्या याद्या होत्या, गल्लीनुसार. “रुग्णांची वही केंद्रातल्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे. मी मेले तरी तोंड उघडणार नाही. पण ते त्यांना कुठं माहीत होतं?”

“समितीत येतेस का?” वहिनी म्हणाली. “आठवी सभासद.”

“बसायला जागा मिळणार असेल तर.”

पुढच्या गुरुवारी केंद्र उघडून दहा मिनिटं झाली असतील. दारात सभापती दिसले, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. त्यांनी आधी मागे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या सात-आठ जणांकडे, मग नर्सबाईंच्या टेबलापाशी येऊन ते अगदी हळू म्हणाले, “चार दिवस पोट ठीक नाही. नाव लिहायलाच पाहिजे का?”

“लिहायला पाहिजे,” नर्सबाई तितक्याच हळू म्हणाल्या आणि पेन उघडलं. “लावायला नको. बसा.”