सुधारून पुन्हा पाठवा

महमूदला नावं ठेवण्यात शशिकांत गर्गेची दोहातली बरीच वर्षं गेली होती. महमूद हा कन्सल्टंटचा माणूस. नव्या स्टेडियममध्ये गार पाणी खेळवणाऱ्या पाइपांची ड्रॉइंग शशिकांतने करायची आणि ती तपासून महमूदने शिक्का मारायचा, असा कारभार होता. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे मंजूर पण थोड्या सूचनांसकट, आणि सी म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा. महमूदचा हात सीवरच बसलेला. व्हॉल्व्ह इकडे का, आणि इकडचा तिकडे नेला की मग तिकडे का. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला, साइटवर माणसं खोळंबलेली, आणि हा गृहस्थ शांतपणे 'इन्शाल्ला, नेक्स्ट वीक' म्हणून चहा मागवायचा. या माणसाला ड्रॉइंग मंजूर करायचंच नसतं, ते आपल्या टेबलावर राहावं एवढंच त्याला हवं असतं, असं शशिकांत चारचौघांत सांगायचा. हीच विद्या तो एक दिवस आपल्या मुलीवर चालवेल असं कोणी म्हटलं असतं, तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

मुलगी नुपूर, अकरा वर्षांची. जन्म दोहातला, शाळा इंग्रजी. घटस्फोट झाला तसा तिच्या आईने, नमिताने, कॅनडात एडमंटनला नोकरी धरली आणि नुपूरला घेऊन ती गेली. आरडाओरडा झाला नाही, शिकल्यासवरल्या माणसांसारखं सगळं पार पडलं. शशिकांतने मोठा फ्लॅट सोडला आणि अल मुंतझा वस्तीत दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं. वर्षातून दोनदा जाऊन तिला भेटायचं, असं ठरलं होतं. पण पुढच्याच वर्षी करोना आला आणि विमानं बंद झाली. ती सुरू झाली तेव्हा कतारबाहेर पाऊल टाकलं तर परत कधी घेतील याचा भरवसा नाही, आणि साहेब रजेचं नाव काढू देईनात.

राहिला फक्त शनिवारचा व्हिडिओ कॉल. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. आणि तोही आटत चालला होता. जेवलीस का, शाळा कशी आहे, थंडी आहे का, असं शशिकांत मराठीत विचारायचा. नुपूर इंग्रजीत एकेका शब्दात उत्तर द्यायची आणि तिचे डोळे स्क्रीनवरून बाजूला कुठेतरी जायचे. मग नमिताचा आवाज यायचा, नाश्ता गार होतोय. आठवडाभर ज्याची वाट बघायची ते पाच मिनिटांत उरकायचं. उरलेल्या संध्याकाळचं काय करावं हे त्याला कळत नसे. पुढेमागे ही पाच मिनिटंही राहणार नाहीत, हे मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी, पहिला बर्फ पडला त्या शनिवारी, नुपूर स्वतःच बोलत सुटली. शेजारच्यांनी त्यांचं बर्फ उडवायचं जुनं यंत्र टाकायला काढलं होतं. यंत्र मोडलेलं, पण इंजिन चालू. ते इंजिन तिने मागून घेतलं होतं. त्याची तिला गो-कार्ट करायची होती, बर्फात चालवायची. सांगाडा लोखंडी पलंगाचा, चाकं जुन्या गवत कापायच्या गाडीची. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची कशी? चेनने की बेल्टने? एका चाकाला की दोन्ही? बाबा, तू इंजिनियर आहेस, तू सांग, असं ती म्हणाली.

शशिकांतला उत्तर तिथल्या तिथे माहीत होतं. ओल्या बर्फात बेल्ट घसरतो, म्हणून चेन. एकाच चाकाला ताकद दिली तर तेवढंच चाक जागच्या जागी गरगरणार. तेव्हा मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवायची. डांबरी रस्त्यावर अशी गाडी वळताना कुरकुरते, पण बर्फावर चाकं आपोआप सरकतात, त्यामुळे चिंता नाही. चेनवर एक पत्र्याचं झाकण, की खलास. सांगायला दोन मिनिटं पुरली असती. त्याने तोंड उघडलंही. पण समोर नुपूर दोन्ही हात हनुवटीखाली घेऊन थेट त्याच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी. आणि शशिकांत म्हणाला, "हे वाटतं तितकं सोपं नाही. नीट प्लॅन करावं लागेल. तू आधी ड्रॉइंग करून पाठव."

त्या दिवशी फोन पाऊण तास चालला.

मग सुरू झाले शनिवारमागून शनिवार. नुपूर ड्रॉइंग करायची, फोटो पाठवायची, शशिकांत त्यावर शेरे लिहायचा. ए, बी आणि सी म्हणजे काय हे त्याने तिला समजावून सांगितलं तेव्हा तिला भारी मजा वाटली. तिने खोडरबर कोरून शिक्के केले आणि बाबाचा निकाल आला की स्वतःच आपल्या कागदावर लाल सी उमटवायची. इंजिन मागे की मधे यावर दोन आठवडे गेले. चेनच्या मोठ्या चक्रीला दाते किती, यावर नाताळ आला. प्रत्येक फोनच्या शेवटी काहीतरी लोंबकळत राहील याची शशिकांत काळजी घ्यायचा. शुक्रवारी दुपारी बसून तो पुढच्या शंका काढून ठेवायचा, आणि त्यात त्याला अपराधी वाटत नसे, उलट आनंद वाटे. बापलेक मिळून काहीतरी करतोय, असं तो ऑफिसात सांगायचा. ते खोटंही नव्हतं.

जानेवारीत एका शनिवारी ती कॅमेऱ्यासमोर आली तीच उड्या मारत. तिने स्वतः विचार केला होता. बूट घालून घरासमोरच्या गोठलेल्या रस्त्यावर तिने गोल चकरा मारून बघितल्या होत्या. बर्फावर पाय आपोआप सरकतो, तसं चाकही सरकेल, मग दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की केली तरी वळता येईल, आणि एक चाक घसरलं तरी दुसरं ढकलेल, असं तिने एका दमात सांगितलं. कागदही धरला. चेन, दांडा, वर झाकण. एक रेघ चुकलेली नव्हती.

शशिकांतला भरून आलं. आपल्या हाताखालच्या पदवीधरांना जे समजावताना नाकी नऊ येतात, ते या पोरीने बूट घालून चालून शोधून काढलं होतं. तिला हे सांगावं, तोंड भरून सांगावं, असं त्याला वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं. ए मिळाला की संपलं. पुढच्या शनिवारी काय बोलायचं? पुन्हा जेवलीस का?

"वळताना त्रास होईल," तो म्हणाला. "मोटारीत डिफरन्शियल असतं, वळताना दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारं, ते कसं बसवता येईल याचा आधी अभ्यास कर. सी."

नुपूरच्या हातात शिक्का होता, पण तिने तो उमटवला नाही. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली की तिला वाटलं होतं या वेळी बरोबर आहे. ठीक आहे, बघते.

पुढच्या शनिवारी ड्रॉइंग आलं नाही. शाळेचं खूप काम आहे, असं ती म्हणाली. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. शशिकांतने स्वतः विषय काढून पाहिला, डिफरन्शियल तसं नसलं तरी चालेल, असं सुचवूनही पाहिलं, पण ती हं हं करत राहिली. फोन पुन्हा पाच मिनिटांवर आला. महमूदने मात्र त्याच महिन्यात पाइपांची सगळी ड्रॉइंग एका दमात मंजूर करून टाकली, आणि ऑफिसात लोकांनी शशिकांतकडे पेढे मागितले.

मार्च संपत आला तेव्हा एक व्हिडिओ आला. पांढरं मैदान, त्यावर लाल रंगाची कार्ट, आणि तीत हेल्मेट घातलेली नुपूर. मागची दोन्ही चाकं एकदम फिरत होती. वळणावर गाडी छान घसरत वळत होती, बर्फ उडत होता आणि ती खदखदून हसत होती. कॅमेरा धरणारा माणूस मराठीत 'हळू, हळू' म्हणत होता. शशिकांतने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मागचा दांडा दिसला की तो थांबवायचा.

संध्याकाळी फोन लागला तेव्हा नुपूरनेच सगळं सांगितलं. प्रताप नावाचे आईचे मित्र आहेत, तिथेच लहानाचे मोठे झालेले. ते जेवायला आले होते आणि त्यांनी तिच्या टेबलावरचा तो जानेवारीतला कागद पाहिला. पाहताक्षणी म्हणाले, हे तर एकदम बरोबर आहे, थांबलीस कशाला? दोन रविवारांत दोघांनी मिळून कार्ट उभी केली होती. बर्फ आता वितळायला लागला होता, त्यामुळे फार दिवस चालवता येणार नव्हती.

"बाबा, तुला खरंच वाटलं होतं की ती वळणार नाही?"

हे तिने मराठीत विचारलं. खरं सांगायची ती वेळ होती. तुझं बरोबर होतं, मला त्याच क्षणी कळलं होतं, मी फक्त तू फोनवर राहावीस म्हणून तुला अडवलं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं, तर तिचा अख्खा हिवाळा आपण खाल्ला, हेही सांगावं लागणार होतं. शशिकांतची हिंमत झाली नाही.

"हो गं," तो म्हणाला. "माझं चुकलं. मला नाही कळलं."

नुपूरने मान हलवली. तिला राग आलेला नव्हता. आलेला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर आली होती ती दया, म्हाताऱ्या माणसाच्या हातून कपबशी फुटली की घरातल्यांच्या चेहऱ्यावर येते तशी.

"इट्स ओके, बाबा. तुमच्याकडे स्नो नाहीये ना. तुला कसं कळणार?"

आणि ती त्याला समजावू लागली. दांडा एक असला की काय होतं, चाक सरकतं म्हणजे कसं सरकतं. मोडक्या मराठीत, त्याला समजावं म्हणून सावकाश, मधे मधे थांबून कळलं का असं विचारत. शशिकांत हो हो म्हणत होता. एक एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि प्रत्येक गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकत होता. पुढच्या हिवाळ्यात कार्टला नीट ब्रेक बसवायचे आहेत, असं तिने शेवटी सांगितलं.

"मग ड्रॉइंग पाठव ना," शशिकांत घाईघाईने म्हणाला. "मी लगेच बघतो. त्याच दिवशी."

"नको बाबा," नुपूर म्हणाली, अगदी मायेने म्हणाली. "तुला उगीच त्रास. ते प्रताप बघतील. तू जेवलास का?"