उमरग्याची सुशीला

रविवारी सकाळी आमच्याकडं सुशीला व्हायची. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचं पीठ भुरभुरायचं. आमचे हे, विष्णुपंत, मोजणी खात्यात होते. महिन्यातले वीस दिवस उमरगा तालुक्यात फिरती. घरी आले की पहिला घास खायचे आणि म्हणायचे, "छान झालीय, शारदा. पण इरम्माची सर नाही."

इरम्माचं हॉटेल उमरग्याला सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला होतं. मी माहेर सोडलं तर तुळजापूरच्या बाहेर पडलेली नव्हते, पण त्या ताटलीपाशी बसून मी सगळा मुलूख पाहिला. मुरुमचा बैलबाजार, कानडी बोलणारे गाडीवान, पावसात अडकलेली मालमोटार आणि ती ढकलणारं अख्खं गाव. "सुशीला तोंडात गेली की मला तो रस्ता दिसतो," हे म्हणायचे. "आणि वर तांब्याभर पाणी. बारवेचं. असं गोड पाणी जिल्ह्यात न्हाई."

ह्यांना किळस फार. कुणाचं उष्टं भांडं दिसलं तरी जेवण राहायचं. मोजणीची साखळी धरायला मुनवर नावाचा शिपाई बरोबर असे. तो कुठलंही पाणी रुमालातून गाळून प्यायचा. "त्याच रुमालानं घाम पुसतो आणि त्यातूनच पाणी पितो, शी!" असं हे मला कितीदा सांगत. इरम्मा मात्र पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून चुलीपुढं बसते, तिची पितळी भांडी आरशासारखी असतात, म्हणून तिच्याकडचं चालायचं.

एकोणसाठ सालच्या वैशाखात हे अचानक फिरतीवरून परत आले. मुनवरनं खांद्याचा आधार देऊन मोटारीतून उतरवलं. घोट्याला फडकं बांधलेलं. मी ते सोडलं आणि मागं सरले. फुटलेल्या फोडातून शेवईएवढा जाड, पांढरा, ओला दोरा लोंबत होता. बघता बघता तो जरासा हलला.

"नारू हाय, बाईसाब," मुनवर म्हणाला. "तोडू नका. तुटला तर आत सडंल. काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर."

ह्यांना तो बघवेना. तोंड भिंतीकडं करून पडून राहायचे. मग गुंडाळायचं काम माझ्याकडं आलं. कडुलिंबाच्या काडीवर मी तो रोज सकाळी हळूहळू ओढायची. पू यायचा, वास यायचा. कधी तो आतून ओढून धरायचा, तेव्हा हे किंचाळायचे आणि मला शहारा यायचा. हात राखेनं चारदा घासले तरी बोटांवर ते बुळबुळीतपण राही. शेवया त्या साली मी केल्याच न्हाईत. एका रविवारी सवयीनं चुरमुरे भिजवले आणि पिळताना मुठीतून पाणी ओघळलं, तसं सगळं टोपलं उकिरड्यावर नेऊन ओतलं.

आठव्या दिवशी टांग्यात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले.

"हा वर्षामागं पोटात गेलेला," ते म्हणाले. "पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी, न गाळलेलं. कुठं प्यालात?"

मीच म्हटलं, "उमरग्याला. सुशीला खाल्ल्यावर."

"सुशीलेचा दोष न्हाई, ती चुलीवर तापते. वरचं पाणी भोवलं. नुसत्या दुपदरी फडक्यातून गाळलं असतं तरी वाचला असतात."

ह्यांचा चेहरा पडला. मग डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता सहज विचारलं, "फोड फुटल्यावर पाय पाण्यात बुडवला न्हाईत ना?"

"आग फार होत होती हो," हे म्हणाले. "सास्तूरच्या पुढं एका वाडीत मुक्काम होता. तिथल्या बारवेच्या पायरीवर बसून पाय सोडायचो. गार वाटायचं."

"किती दिवस?"

"चार."

डॉक्टरांचे हात थांबले. "पाण्याला लागला की हा किडा पिल्लं सोडतो, पंत. हजारोंनी. ते पाणी लोक पितात?"

"पितात."

संध्याकाळी हे म्हणाले, "आता बोलून काय उपयोग? झालं ते झालं. माझी नोकरी आहे त्या भागात."

नारूची किळस मी सोसली होती. पण हे ऐकलं आणि ह्यांच्याजवळ बसवेना मला. ज्या माणसाला शिपायाच्या रुमालाची शिसारी येते, त्यानं दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात पू धुवावा आणि वर गप्प बसावं! मी म्हटलं, "तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाऊन त्या लोकांना सांगते. वाडी कुठली, ते मुनवरला ठाऊक आहे."

नारू पूर्ण निघाला, पाय टेकता आला, तशी आम्ही मोटार धरली. माझा त्या रस्त्यावरचा पहिला प्रवास. उमरग्याला उतरलो तर इरम्मा समोरच. "बर्री साहेब, कुंद्री," या, बसा, असं कानडीत म्हणत तिनं फळी पुसून बसायला दिली. न मागता दोन ताटल्या आल्या. सुशीला खरोखर सुरेख होती, वाफाळती, लिंबू पिळलेली. मग तिनं चकचकीत तांब्या ठेवला. ह्यांनी त्यात डोकावून पाहिलं आणि उठून रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले.

मी इरम्माला सगळं सांगितलं. तिनं लुगडं जरा वर करून पिंडरी दाखवली. तीन वण होते. "दर साली कुणाचा ना कुणाचा निघतुया," ती म्हणाली. "देवाचा कोप म्हनून आमी गप ऱ्हातो. फडक्यानं जातोय व्हय?"

मुनवरनं बैलगाडी ठरवली होती. वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बारवेवर बायका घागरी भरत होत्या. पाणी तळाला गेलेलं, हिरवट, एक म्हैस कडेला उभी. ह्यांनी वरच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. सगळं, चार दिवसांसकट.

महांतप्पा म्हणून एक म्हातारा होता, ज्याच्या ओसरीवर ह्यांचा मुक्काम असायचा. तो पुढं आला. "सायेब, आमी तुमाला दूध दिलं. रातच्याला पाय चेपले. आन् तुमी आमच्या पान्यात...?" त्यानं पुढं शब्द न्हाई काढला, बाजूला थुंकला. हे मान खाली घालून उभे होते. खालून एक बाई ओरडली, "मग आता आमी काय प्यावं?" दुसरी विहीर नव्हतीच.

मी पदर खोचला, पायऱ्या उतरले आणि पिशवीतलं नवं मांजरपाट दुमडून तिच्या घागरीच्या तोंडावर बांधलं. मुनवरनं वरून पाणी ओतून दाखवलं. फडक्यावर बारीक किडे वळवळत राहिले. तिनं ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. पाच-सात बायकांनी मी आणलेली फडकी नेली. बाकीच्या तशाच घागरी उचलून गेल्या.

ह्यांनी फिरती सोडून उस्मानाबादला टेबलाचं काम मागून घेतलं. पुढच्या साली, महाराष्ट्र झाला त्या महिन्यात, मुनवरचं कार्ड आलं. वाडीत नऊ जणांना नारू निघाला होता. महांतप्पाच्या दोन्ही पायांना. खाली त्यानं लिहिलं होतं : आदल्या साली सहा होते. ह्यातले साहेबांचे किती, ते अल्लाला माहीत.

ह्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उठले, न्हाणीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.