नवा रंग, निम्मा भाव

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तीस वर्षं गाड्यांना रंग मारतोय. कुणी माझ्या रंगात खोट काढली की डोकं सटकतंच. म्हणून त्या गिटार दुरुस्त करणाऱ्याने भिंग लावून माझ्या धाकट्या पोराची गिटार उलटसुलट पाहिली आणि रंग कुणी मारला असं विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, मी.

धाकटा जाऊन आठ महिने झाले. आम्ही दोघं आता लेकीकडे राहायला जाणार, आणि तिची जागा टीचभर. हिने मन घट्ट करून सांगितलं, गिटार देऊन टाकू, पण त्याची वस्तू कवडीमोलाने जाता कामा नये. माझंही तेच म्हणणं होतं. कारण याच गिटारीवरून मी त्याला नको नको ते बोललो होतो. पन्नास-साठ वर्षांची जुनी, रंगाचे पोपडे उडालेले, वरच्या कडेला कोपर घासून घासून लाकूड उघडं पडलेलं, आणि या येड्याने सहा महिन्यांचा पगार तिच्यावर घातलेला. भंगारवाल्यानेही फुकट नेली नसती, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

दुकानदार भला माणूस. त्याने तारा सैल केल्या, गिटारीची मान सोडवून आतला शिक्का वाचला, झाकण काढून वायरी तपासल्या. सगळं मूळचंच आहे म्हणाला. मग अशा गिटारी वर्षभरात कितीला गेल्या ते कॉम्प्युटरवर दाखवलं. लोक मागतात ते भाव सोडा, ज्या खरोखर विकल्या गेल्या तेवढ्याच धरायच्या, असा त्याचा हिशेब. आकडा पाहून माझे डोळे पांढरे झाले. पोरगं येडं नव्हतं.

"हा मूळ रंगाचा भाव," तो म्हणाला. "रंग बदलला की निम्मा."

मी उसळलोच. घासायला तीन दिवस लागले, खड्ड्यात लांबी-पुट्टी भरली, प्रायमर, मग रंगाचे चार हात, असं काम या गावात दुसरा कुणी करून दाखवू दे, म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. काम झकास आहे, म्हणाला. पण जुन्या गिटारीत लोक तिच्या वापराच्या खुणा शोधतात. ती झिजलेली कोपराची जागा एकदा गेली की परत आणता येत नाही. आणि हे गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

प्रत्येकाला, म्हणजे धाकट्यालाही. मी तिथल्या स्टुलावर बसलो.

तो इस्पितळात होता तेव्हा मी रंग मारला. झालं गेलं मिटवायचं होतं, पण माफी मागायला माझी जीभ कुठली वळते. म्हणून त्यात जीव ओतला. तो घरी आला तेव्हा मी वरची चादर काढली. त्याने वरच्या कडेवरून हात फिरवला. मग "छान झालीय, बाबा" म्हणाला आणि दमेपर्यंत माझ्यासाठी वाजवली. भाजीत मीठ कमी पडलं तरी माझ्याशी हुज्जत घालणारा पोरगा तो, त्या दिवशी एका शब्दाने भांडला नाही. मला वाटलं, चला, आपलं जमलं. बाकीचे दिवस भांडणात घालवायचे नाहीत असं त्याने ठरवलं होतं, हे मला परवापर्यंत कळलं नाही.

दुकानदाराला रंग नवा आहे असं स्पष्ट लिहायला सांगून निम्मा भाव लावला, आणि घरी आलो. ही कपडे बांधत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा रडला तो. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाला."

"मग मला का पाठवलंस तिथे?"

"मला वाटलं, कुणाला ओळखू येणार नाही. इतका छान रंग मारलाय तुम्ही."