शेवटचं विमान उतरेपर्यंत

बेबीची पन्नाशी उलटली होती, तरी घरात तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. शाळेच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. तिथं मुलं मॅडम म्हणत, घरी आली की पुन्हा बेबी. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच राहत होते.

बाबांची सगळी नोकरी विमानतळावर गेली. उतरलेल्या विमानासमोर दोन्ही हातांत रंगीत फळ्या घेऊन उभं राहायचं आणि हातांच्या खुणा करत वैमानिकाला बरोबर जागेवर आणून थांबवायचं, हे त्यांचं काम. अलीकडे मात्र त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी आपापल्या जागेवर राहत नव्हत्या. सकाळी ते बेबीशी नीट बोलत आणि संध्याकाळी तिलाच विचारत, "तुमचे वडील काय करतात?" तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यांचं जेवण तुटत चाललं होतं. ताटापुढे बसायचे आणि बोटांनी घास चाळवत राहायचे. साखरेच्या आजाराच्या गोळ्या सुरू, आणि पोटात अन्न नाही; रक्तातली साखर कधी एकदम खाली जाईल याचा नेम नव्हता. बेबीच्या जिवाला घोर लागला होता.

मोठ्या मैदानावर विमानांच्या कसरती होणार आहेत आणि बघायला येणाऱ्यांना तिथंच तंबू ठोकून राहता येईल, हे तिनं वाचलं आणि बाबांना घेऊन जायचं मनात घेतलं. विमानं बघून बाबांचं मन रमेल, मोकळ्या हवेत भूक लागेल.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो उडालाच. "ताई, या वयात बाबांना तंबूत झोपवणार? आणि खायला काय घालणार?"

"छोटी शेगडी नेते की. मऊ भात करीन."

शेगडी फाटकावरच अडकली. पहारेकरी भला माणूस होता, पण नियमापुढे त्याचा इलाज नव्हता. "आत विमानांचं इंधन आहे, ताई. तंबूत ज्योत चालत नाही. खाण्याचं सगळं आत मिळतं. परत जाताना शेगडी घेऊन जा." तांदळाची पिशवी तेवढी बेबीच्या हातात राहिली.

आत खरंच सगळं मिळत होतं. पाण्याच्या नळांपलीकडे खाण्याच्या टपऱ्यांची रांगच होती. सूप, उकडलेली अंडी, भाजलेले बटाटे, पाव, सरबत, एका गाडीवर फळं. टोकाला एक ठसठशीत चहावाली बसली होती. पहिल्या संध्याकाळी बाबांनी तिच्याकडचं वाटीभर सूप पाव बुडवून चाटूनपुसून खाल्लं आणि वर म्हणाले, "बेबी, मीठ बरोबर आहे हो." बेबीला वाटलं, जिंकलं.

सकाळी तिनं नेहमीसारखी त्यांना गोळी दिली आणि अंडी आणायला गेली. परत येते तो पहिलं विमान डोक्यावरून गेलं. तंबूचं कापड थरथरलं. बाबा तंबूबाहेर उभे होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली, पाठ ताठ, कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी. तिला आधी आनंदच झाला.

"बाबा, अंडी गरम आहेत. खाऊन घ्या."

"आत्ता नाही." त्यांची नजर आभाळातच होती. "विमानं वर आहेत. शेवटचं उतरल्याशिवाय जेवायचं नसतं."

"अहो, आज तुम्हाला ड्यूटी नाही."

"मग ही कोण उभी करणार? तू?"

शेजारच्या तंबूतलं कुटुंब हसलं. बेबीही हसली. थोड्या वेळात सरबताची गाडी तंबूंच्या मधून वाट काढत आली, तेव्हा बाबांनी पुढं होऊन दोन्ही हात वर केले आणि मागे-मागे सरकत गाडी तंबूंच्या दोन दोरांच्या मधून अशी काही आणून उभी केली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीवाल्यानं खूश होऊन त्यांना सरबताचा पेला पुढं केला. बाबांनी मान हलवली. "ड्यूटीवर घेत नाही."

ऊन चढलं. बेबीनं बटाटे आणले, मग केळी, मग चहावालीकडून सूप. एकेक वस्तू ती त्यांच्या तोंडाजवळ नेई आणि ते एकेक वस्तू हातानं बाजूला करत. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी आदळआपट केली असती तर तिला भांडता तरी आलं असतं. तिनं चहात भरपूर साखर घालून आणली. त्यांनी पेला हातात धरला, तो निवला, आणि त्यांनी तो अलगद गवतावर ठेवून दिला.

तिनं भावाला फोन लावला. "अरे, गोळी पोटात आहे आणि काही खातच नाहीत."

"खोटं सांग ना. म्हणावं, सगळी उतरली."

"डोक्यावर घरघर चाललीय. कसं सांगू?"

"मी निघतो," भाऊ म्हणाला. पण त्याला पोचायला संध्याकाळ होणार होती.

अखेर दुपारी आभाळ रिकामं झालं. सगळी विमानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं उभी राहिली. बेबी धावत जाऊन गरम भात घेऊन आली, त्यात सूप कालवलं आणि चमचा भरला. "बाबा, उतरली सगळी. आता खा."

बाबांनी ओळीवरून नजर फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. "एक कमी आहे."

सकाळी एक जुनं चंदेरी विमान आलं होतं. पंख हलवून सगळ्यांचा निरोप घेऊन ते टेकड्यांपलीकडे आपल्या विमानतळावर परत गेलं होतं. निवेदकानं तसं सांगितलंही होतं. बेबीनं हे तीन-तीनदा समजावलं. बाबा एवढंच म्हणत राहिले, "गेलेलं पाहिलं. आलेलं पाहिलं नाही."

ती निवेदकाच्या मचाणाकडे पळत गेली. गर्दीतून वाट काढताना तिची चप्पल तुटली. निवेदक तरुण होता, घामाघूम झाला होता. तिचं बोलणं त्यानं नीट ऐकून घेतलं, कोणाला तरी विचारून खात्री केली आणि ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "सकाळचं चंदेरी विमान सुखरूप उतरलं आहे." मैदानभर आवाज घुमला. काही लोकांनी उगाच टाळ्याही वाजवल्या.

तुटकी चप्पल हातात घेऊन ती परत आली. "ऐकलंत ना, बाबा?"

"ऐकलं." बाबांच्या कपाळावर घाम डवरला होता आणि ओठ पांढरे पडले होते. "दुसऱ्याच्या तोंडच्या विमानावर मी जेवत नाही."

तरी ते टेकड्यांकडे तोंड करून उभेच. चहावाली आपली टपरी तशीच टाकून आली. तिनं त्यांना खांद्याला धरलं, बेबीनं साखर बोटावर घेऊन त्यांच्या ओठांना लावू पाहिली. बाबांनी दात घट्ट मिटले. आणि मग ते उभ्या जागी कोसळले.

प्रथमोपचाराच्या तंबूत सिस्टरनं बोट टोचून साखर तपासली, ती फार खाली गेली होती, आणि लगेच हाताला ग्लुकोजचं सलाईन लावलं. बेबी स्टुलावर बसून थेंब बघत राहिली. दिवसभर ती चमचे, वाट्या, पेले घेऊन नाचली होती. तिला मनातून लाज वाटली, रागही आला. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

"वेळेवर आणलंत," सिस्टर म्हणाली. "आता धोका नाही. पण तोंडानं खायला लागले पाहिजेत. नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल."

"मी काय करू ते तरी सांगा," बेबी म्हणाली.

सिस्टरनं बेबीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा बाहेर पुन्हा विमानं सुरू झाली होती. चहावालीनं पाठवलेला पाव आणि सूपची वाटी तशीच खाटेच्या कडेला होती. बेबीनं वाटी उचलली. त्यांनी मान वळवली. तिनं वाटी परत तिथंच ठेवली. आता तिच्यात पुन्हा उचलण्याचं बळ नव्हतं. तोंडाला पदर लावून ती रडू लागली.

बाबांनी तिच्याकडे मान वळवली. मग परक्या माणसाशी बोलावं तशा आदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही जेवलात का?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"सकाळपासून?"

"हो."

"असं करू नये. तुम्हाला कुठे ड्यूटी आहे? खाऊन घ्या." मोकळ्या हातानं त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली. "खा. मी आहे इथं."

बेबीनं डोळे पुसले. पाव मोडला, सूपात बुडवला आणि तोंडात घातला. सूप पार गार झालं होतं. बाबा लक्ष ठेवून होते, म्हणून तिनं दुसरा घेतला, मग तिसरा. एक तुकडा तिनं हळूच त्यांच्यापुढं धरून पाहिला. ते हसले आणि त्यांनी तिचा हात प्रेमानं तिच्याकडेच परतवला.

भाऊ आला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं आणि सिस्टरनं मिळून बाबांना सलाईनसकट गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. दवाखान्यात आधीच फोन झाला होता.

"ताई, काही खाल्लं का त्यांनी?" भावानं विचारलं.

"नाही," बेबी म्हणाली. ती बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि गाडी तंबूंच्या रांगांमधून हळूहळू फाटकाकडे निघाली.