पाचवा आकडा

सानिकाने प्रात्यक्षिक परीक्षेची चिठ्ठी उलगडली, वाचली आणि घडी घालून कीबोर्डच्या कडेला ठेवली. मागे उभ्या असलेल्या राजेंद्र सरांनी वाकून तेवढ्यात वाचलंच: दोन अ‍ॅरे (आकड्यांचे संच) समान आहेत का, ते तपासणारा सी प्रोग्राम लिहा.

इतक्या चिठ्ठ्यांतून तिला नेमकी हीच यावी.

आठवड्यापूर्वी तिच्या जर्नलमध्ये याच प्रोग्रामवर त्यांनी लाल फुली मारली होती. तिचा प्रोग्राम पहिला फरक सापडताच थांबायचा. सरांचा पाचही आकडे तपासत शेवटपर्यंत जायचा. "माझ्यापेक्षा शहाणी झालीस काय गो?" ते म्हणाले, आणि वर्ग हसला. तिने गुमान पुढच्या पानावर सरांचा प्रोग्राम उतरवला. त्यावर त्यांनी सही केली.

काल दुपारी घरी त्यांनी सहज दोन्ही चालवून पाहिले. त्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नवा आकडा आधीचा निकाल पुसून टाकत होता. पाचवा जुळला, की आधीचे कसेही असोत, उत्तर 'समान'. अकरा वर्षं ते हेच शिकवत आले होते.

संध्याकाळी देवळात कीर्तनाला बसले, पण हातातले टाळ जड झाले. बुवा रंगात येऊन मध्येच थांबले. "मंडळी, मघाशी कडवं चुकलं माझं. ते असं आहे," म्हणाले, आणि पुन्हा गायले. कोणी हसलं नाही. पेटीवाल्याने सूर तेवढा धरून ठेवला. सरांनी मान खाली घातली, ती आरतीपर्यंत.

सकाळी तिला गाठून सांगायचं पक्कं ठरवलं होतं. दारात ती "नमस्कार सर" म्हणाली, तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "ओळखपत्र आणलंस ना?"

आता तिने सरांचाच प्रोग्राम टाइप केला. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले.

"चालवून दाखव."

तिने दोन सारखे संच दिले. समान. मग वेगळे दिले. समान नाहीत. आणखी एक जोडी. समान नाहीत.

"छान. कोणी शिकवलं?"

"सरांनी."

परीक्षकांनी गुण मांडले आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. राजेंद्र सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो सोडल्याचीच त्यांना लाज वाटली. मग त्यांचं लक्ष पडद्यावरच्या आकड्यांकडे गेलं. दोन्ही वेळा जोडीतले पहिले चार आकडे सारखेच होते. फरक फक्त पाचव्यात.

"शेवटचाच आकडा का बदललास गो?" त्यांनी हळूच विचारलं.

सानिका चिठ्ठीची आणखी एक घडी घालत राहिली.

"जर्नलवर तुमची सही आहे ना, सर."

सरांनी टेबलावरचं तिचं जर्नल उचललं. पानं भराभर उलटली.

"साहेब," त्यांनी हाक मारली. ती जरा मोठ्यानेच आली. मागे कुणाचं तरी टायपिंग थांबलं. "जरा परत या. दुसरा आकडा बदलून बघायचा राहिलाय."

परीक्षक वळले. लाल फुलीचं पान उघडून सर उभे होते.

"त्याआधी तिचं हे पान बघा."