मोजण्यापुरतं तांबं

दोष गंगाधरचा. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी लोक नशीब, ग्रह, पूर्वजन्म असलं काहीतरी काढतात आणि खरा माणूस सुटतो.

मी तांब्याचा हंडा बोलतोय. हल्ली मुक्काम जिन्याखाली, फुटक्या बादलीशेजारी. खरं तर बोलायचाही कंटाळा आलाय. पण ज्याने बोलायला हवं त्याला बोलता येत नाही, म्हणून मी.

नाशिकच्या तांबट आळीत मला ठोकून ठोकून आकार दिला. पत्र्याचा हंडा होईपर्यंत इतका मार खाल्ला की पुढे कुणाच्या बोलण्याचं काही वाटेनासं झालं. गंगाधरच्या मामाने मला विकत घेतलं आणि मुलीच्या लग्नात रुखवतात मांडलं. मुलगी मालिनी, नवरदेव गंगाधर. सख्ख्या मामाचीच मुलगी केली. घरातलं घरात राहिलं म्हणून दोन्हीकडची म्हातारी माणसं खूश. आणखी काय काय घरात राहिलं, ते कुणी विचारलं नाही.

गंगाधर नाशिक रोडला छापखान्यात तपासनीस. छपाईत केसाएवढी रेघ सरकली तरी त्याला दिसायची. घरी त्याचा एकच धर्म. झोपण्यापूर्वी मला भरायचं, वरून लिंबू पिळायचं आणि सकाळी सगळ्यांनी ते तांब्याचं पाणी प्यायचं. पाहुण्यांनाही सुटका नव्हती. लिंबाने माझं अंग पाण्यात उतरतं. तेच त्याला हवं होतं.

त्यांचा एकुलता मुलगा शामसुंदर. जिभेचा तिखट. बापाने "आमच्या वेळी" म्हणून सुरुवात केली की म्हणायचा, "दादा, तुमच्या वेळी सगळंच इतकं चांगलं होतं, तर मग आम्ही असे कसे निपजलो?" मालिनी पदराआड हसायची. त्या घरात तेवढंच काय ते हसणं.

अठ्ठ्याहत्तर साली तो पॉलिटेक्निकला होता. ड्रॉइंगच्या तासाला त्याच्या रेघा थरथरायला लागल्या. मास्तर म्हणाले, लक्ष नाही. बाप म्हणाला, बिड्या ओढतोस. दोघांनाही उत्तर तयार होतं, त्यामुळे त्याचा हात बघायची गरज कुणाला पडली नाही. पोराने कॉलेज सोडलं. मग दोन वर्षं आळशी, ऐतखाऊ, हे ऐकत घरात बसला. चमचा हातातून पडला की बाप ताटावरून उठून जायचा. आणि रोज सकाळी मी होतोच.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच्या बुबुळाच्या कडेने हिरवट तपकिरी कडी दिसली. त्यांनी मुंबईला धाडलं.

मुंबई मी पाहिलेली नाही. शामसुंदरने जेवताना सांगितलं ते सांगतो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्या शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं, मेंदूत साठतं. आणि हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आलाय. गंगाधर घास खाली ठेवून म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." त्याचं आजोळ आणि मालिनीचं माहेर एकच, हे तो त्या क्षणी विसरला.

मला माळ्यावर टाकलं. स्टीलचं पिंप आलं. बरं वाटलं मला.

पहिल्या औषधाने पोराच्या अंगभर पुरळ उठलं, ते बंद करावं लागलं. चौऱ्याऐंशीत बाईंनी जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या आतड्याचं दार लावून घेतात, तांबं रक्तात शिरत नाही. पण दार खरंच लागलंय का, हे कळायचं कसं? म्हणून त्याला थोडंसं किरणोत्सारी तांबं पाजलं आणि मग रक्तात ते किती पोचलं, ते यंत्राने मोजलं.

मालिनीला काही उमजेना. शामसुंदरने समजावलं. जीभ तोवर जड झाली होती, पण धार होती. "रंगपंचमीला रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, उडी मारलेला माणूस गावात कुठेही ओळखू येतो की नाही? तसं ते तांबं. रंगवून आत सोडायचं आणि कुठवर गेलं ते बघायचं."

रक्तात जवळपास काहीच पोचलं नव्हतं. दार लागलं होतं. त्या दिवशी मालिनीने शिरा केला.

आणि गंगाधर शिडी लावून माळ्यावर चढला.

म्हणाला, "तांबं विष असतं तर एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने पाजलं असतं का? आणि दार लागलंय ना आता?"

शामसुंदर म्हणाला, "दादा, तो घोट मोजण्यापुरता होता. तुमचा हंडा रोजचा आहे."

"चार बुकं शिकून सोडलेल्याने मला शिकवू नये."

मला चिंचेने घासलं. घासलं मालिनीने. नवऱ्याला नाही म्हणायचं तिला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते न शिकवणारा तिचा बाप म्हणजे माझा पहिला मालक. गोळ्या मुंबईहूनच आणाव्या लागत. त्यांनी पोराला मळमळायचं, हे गंगाधरला निमित्त पुरलं. गोळ्या संपल्या, तर पुढच्या शनिवारी आणतो म्हणाला. असे बरेच शनिवार गेले. चहा माझ्या पाण्याचा, वरण माझ्या पाण्याचं. पोर सुरुवातीला भांडला, एकदा मला लाथही घातली. पोचा अजून आहे. मग दमला. पेला स्वतः उचलता येत नाही तो माणूस कितीसा भांडणार? तोंडाशी जे आणतील ते प्यायचा.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा मुंबईला नेलं, पुन्हा तसाच घोट दिला. या खेपेचं मालिनीने शेजारणीला रडत सांगितलं, मी तिथेच होतो. बाईंनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? गंगाधर म्हणाला, नियमित. मग रक्त मोजून आलं. दार सताड उघडं होतं.

बाई म्हणाल्या, "गोळ्या चालू असत्या तर एवढं तांबं रक्तात पोचलंच नसतं. कुणी बंद केल्या?"

गंगाधर खिडकीबाहेर बघत बसला. शामसुंदरने तोंड उघडलं. त्याला एकच शब्द बोलायचा होता, 'दादा'. ओठ हलले, लाळ गळली, शब्द आला नाही.

घरी आल्यावर मला जिन्याखाली सरकवलं. आता माझ्या काठाला हिरवा कळंक चढलाय, पोराच्या डोळ्यातल्या कडीसारखा. गंगाधर निवृत्त झालाय. देवाची इच्छा, म्हणतो.

तुमच्या घरचा हंडा फेकून द्या, असं मी सांगत नाही. तांबं बहुतेकांना सोसतं. ज्याला सोसत नाही त्याने नको म्हटलं, तर त्याचं ऐका. वडिलकी थोडा वेळ बाजूला ठेवा, ती कुठे पळून जात नाही.

शामसुंदर आता सत्तावीस वर्षांचा आहे. गोळ्या पुन्हा चालू आहेत, पेला दोन्ही हातांनी धरतो. वाचा गेली ती आली नाही.